ताईच्या हातांसाठीचं ॲड-ऑन

४ फेब्रुवारी
ताई ज्यात टाइप करते त्या एडिटरची नवी चाचणी आवृत्ती आली आणि त्याला जोडलेलं माझं ॲड-ऑन मेलं! चिन्ह दिसतंय, आत सगळा ठणठणाट.

रीतीप्रमाणे ताईला बसवलं. आवृत्ती कुठलीही असो, तोच एक परिच्छेद तिनेच टाइप करायचा. मी खोटंखोटं थरथरून पाहिलंय, जमत नाही. आजारामुळे तिच्या हातून एका अक्षराची तीन-चार होतात, जादाची माझं ॲड-ऑन गाळतं. आज एकही गाळलं नाही. औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करणारी ही बाई, आणि पडद्यावर 'गोगोगोळीळी'!

पंधरवड्यात ही आवृत्ती सगळ्यांना लागणार. जुनी ठेवायची सोय नाही. म्हणजे ताईचं काम बंद. ती मात्र शांत. निघेल गं काहीतरी, म्हणाली.

५ फेब्रुवारी
पंतला तीनदा फोन. उचलला नाही.

पूर्वी हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आता एडिटरच्याच कंपनीत आहे. टाइप होणारं अक्षर पडद्यावर पोचायच्या आत पकडायची मागची वाट त्यानेच दाखवली होती. "वापर बिनधास्त. बंद व्हायची असेल तर आधी तुझ्या कानावर घालेन." ही वाट कधीही बंद होऊ शकते, असं कंपनीनेच लिहून ठेवलंय. मी वाचलंही होतं! पण लिहिलेल्यापेक्षा आतला माणूस मोठा वाटला. अख्खं ॲड-ऑन त्याच वाटेवर उभं केलं.

८ फेब्रुवारी
उचलला एकदाचा. आधी ताकास तूर लागू देईना. मग म्हणाला, त्या वाटेने कुणीही कुणाचे पासवर्ड वाचू शकलं असतं, बंद करावीच लागली. पटलं मला. कधी ठरलं, विचारलं. मागच्या उन्हाळ्यात. तू होतास बैठकीत? होता.

उन्हाळ्यापासून मी नवी सुधारणा त्याला दाखवतेय, आणि हा 'झकास' म्हणतोय. केसाने गळा कापला मेल्याने!

११ फेब्रुवारी
रीतसर वाटेने नवं लिहिलं. जादा अक्षरं आधी उमटतात, मग पुसली जातात. ताईला गरगरलं. डोळे मिटून बसली बिचारी.

१४ फेब्रुवारी
ताईवर ओरडले. नीट दाब ना, म्हणाले. तिला! हात मांडीवर घट्ट धरून बसली. चहा करून दिला, माफी मागितली. ती म्हणाली, दमलीयेस तू, सोड ना आता. सोडू कशी?

१९ फेब्रुवारी
आवृत्ती सगळीकडे लागली. आणि सेटिंगमध्ये त्यांची स्वतःची सोय – 'कापऱ्या हातांसाठी'! माझी वाट बंद करून माझंच दुकान थाटलं. पंतचा निरोप: बघितलंस का? उत्तर दिलं नाही. देणारही नाही.

ताईने परिच्छेद टाइप केला. एक अक्षर जादा नाही. पहिल्याच फटक्यात! तिची डावी करंगळी कापत नाही, कळीवर अडकून राहते. हे ओळखायला माझ्या ॲड-ऑनला कित्येक महिने लागले होते. यांना आधीच ठाऊक. म्हणजे पंतने माझं कामही चोरलं. उद्या त्याच्या वरिष्ठांना लिहिते, सोडत नाही.

२० फेब्रुवारी
पत्र ताईला वाचून दाखवलं. पाठवू नकोस, म्हणाली. पंतने काही चोरलं नाही. कंपनीच्या या नव्या सोयीच्या चाचण्यांना उन्हाळ्यापासून तीच जात होती. बाहेर बोलणार नाही अशी सही दिली होती, म्हणून मला सांगितलं नाही.

मग म्हणाली, "माझ्या हातांपायी तू दुसरं काही केलंच नाहीस गं. मला तुला मोकळं करायचं होतं."

मला कुणी विचारलं?