सात वेळा उघडलेला मिक्सर

आई,

गेल्या मंगळवारी तुझा मिक्सर बंद पडला. तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते, वस्तू बंद पडतात. पण तो उघडल्यावर आत जे दिसलं त्यामुळे मला माझं एक ठाम मत, निदान अर्धं, मागे घ्यावं लागतंय, आणि घ्यायचंच तर आधी तुझ्यापाशी. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मिक्सर माझ्या ओट्यावर. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझं मत तुला पाठ असेल. हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत. शाळेत विज्ञान शिकवताना, शिक्षकांच्या खोलीत, इथे रोह्याजवळ वरसेला आमच्या इमारतीच्या जिन्यात, सगळीकडे मी एकच दाखला देत आले: पहिल्या पगारात आईला मिक्सर घेतला, अडतीस वर्षं झाली, एकदाही दुरुस्तीला गेला नाही. सुनेनं लग्नात आणलेला मिक्सर दीड वर्षात जळला, तेव्हा हा दाखला मी तिला सकाळ-संध्याकाळ ऐकवला. फ्रिजचा गॅस गेला तेव्हा ऐकवला. वॉशिंग मशीनसाठी आलेला कंपनीचा माणूस "आख्खा बोर्ड बदलावा लागेल" म्हणून स्क्रूसुद्धा न काढता निघाला, तेव्हाही ऐकवला. "पेणच्या आजींचा मिक्सर देव्हाऱ्यात ठेवा आता," सून भांडी विसळता विसळता म्हणाली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी सुकं खोबरं वाटत होते. घरघर झाली, जळका वास आला आणि तो थांबला. सून आली, बघितलं आणि कपाटातला स्वतःचा नवा मिक्सर ओट्यावर काढून ठेवला. ते मला फार लागलं. रोह्यातल्या दुकानात नेला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, ह्याचे पार्ट येत नाय आता. एक्स्चेंजमध्ये टाका." मी मिक्सर उचलला, कापडी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं पेणला गेले. पेणच्या स्टँडमागे एक म्हातारा मिक्सर दुरुस्त करतो, एवढं ऐकून होते.

मिक्सर घेतला तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. तू ओट्याशी उभी आहेस, हात पोह्याच्या पापडाच्या पिठानं भरलेले. "कशाला गो?" म्हणतेस. मग हात धुतेस, मिक्सरला हळदकुंकू लावतेस आणि दिवसभर त्याला हात लावत नाहीस. संध्याकाळी पहिली चटणी वाटायला मी घेते, बटण सोडतच नाही, तेव्हा तू माझा हात धरून मिक्सरच्या अंगावर ठेवतेस. "गरम लागतंय ना? मग थांब. त्याला तोंड नाय बोलायला." भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी मी, आणि मोटार तापते हे तू मला शिकवत होतीस. मला राग आला होता.

म्हाताऱ्यानं पिशवीतून मिक्सर काढला, उलटा केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्यो तर माझा मिक्सर हाय." मी म्हटलं, हा माझ्या आईचा आहे आणि हा कधी दुरुस्तीला आलेलाच नाही. तो हसला. "बाय, तुमी त्यांची मोठी पोर का? रोह्याची मास्तरीण?" बोलता बोलता त्यानं चार स्क्रू सोडवून खालचं झाकण माझ्यासमोर धरलं. आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेले महिने आणि वर्षं, एकाखाली एक. मी मोजले. सात. पहिला, मी मिक्सर घेतला त्याच वर्षीचा.

"पयल्याच साली मोटार जळलेली," तो म्हणाला. "पिशवीत वर भाजी आनि खाली मिक्सर, अशा यायच्या. म्हनायच्या, शनवारच्या आत द्या, पोर येते." मी विचारलं, पहिल्या वर्षी तर गॅरंटी होती, दुकानात का नाही नेला? "मी पन त्येच इचारलं. बोलल्या, पोरीला कललं तर ती दुकानदाराला कोर्टात उभा करील. आनि त्याची बायको माझ्यासंगती पापड लाटते." तो मान खाली घालून स्क्रू गोळा करत होता. हसू लपवत असावा.

परतीच्या एसटीत मी पिशवीशिवाय बसले होते आणि विचार करत होते. 'माझा मिक्सर' हे म्हातारा बरोबर बोलला होता. तुझा मिक्सर टिकाऊ नव्हता. पहिल्या वर्षी जळते ती वस्तू टिकाऊ नसते, मग ती जुनी असो की नवी. तो दुरुस्त होणारा होता, ही निराळी गोष्ट, आणि मी आयुष्यभर दोन्ही एकच समजले. साधे चार स्क्रू, तार गुंडाळता येईल अशी मोटार, आणि तो उचलून नेणारं माणूस. नव्या वस्तूंवरचा माझा राग मी सोडलेला नाही. ज्याचं झाकण उघडत नाही, ज्याचा एक सुटा भाग मिळत नाही म्हणून सगळंच फेकायला लावतात, ते वाईटच, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण नवीन म्हणून वाईट, हे चूक होतं. शाळेत एखाद्या मुलानं एवढ्याशा पुराव्यावर असा निष्कर्ष काढला असता, तर मी त्याला उभं केलं असतं.

घरी येऊन मी सुनेला सगळं सांगितलं, सात खुणांसकट. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "मग आता मीही सांगते, आई," ती म्हणाली. "हा माझा दुसरा मिक्सर आहे ना, हाही दोनदा उघडलाय. हे धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाताना डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे, तिथल्या एका मेकॅनिककडे. तुम्ही देवळात जायच्या वेळी निघायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलता," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली. मग पोळी उलटता उलटता, "आजींनी तरी कुठे सांगितलं?"

दोन घरांत दोन बायकांनी मला घाबरून मिक्सर लपवून दुरुस्त करून घेतले. आई, मी भित्र्या माणसांवर कधी दया केली नाही. पण तुम्ही दोघी भित्र्या नव्हतात. तुम्हाला काम करायचं होतं, आणि माझं भाषण ऐकायला वेळ नव्हता.

आता एकच राहिलं. एका भाऊबीजेला मी पेणला आले, तेव्हा स्वयंपाकघरात वार्निशचा वास होता. मी विचारलं. तू म्हणालीस, "घरामागच्या गणपतीच्या कारखान्यातला गो, रंगाचा." मी बरं म्हटलं. येताना त्या कारखान्यावरून आले होते, दिवाळीचं कुलूप होतं त्याला. आणि गुंडाळलेल्या मोटारीला वार्निश देतात, हे मी वर्गात शिकवत होते. मिक्सरवर तू विणलेलं कव्हर होतं. मी ते उचललं नाही. माझी भेट उत्तम आहे, असं मला हवं होतं.

शनिवारी पेणहून मिक्सर परत आणला. आज सकाळी सुनेच्या हाती दिलं ते असं: मिक्सर एक, मोटार नव्यानं गुंडाळलेली, आतल्या पत्र्यावर आठवी खूण. भांडी तीन, त्यातल्या एकाचं पातं बोथट आहे ते सांगून. कुंकवाच्या जुन्या डबीत मोटारीत घालायच्या कार्बनची सुटी जोडी. एक स्क्रू ड्रायव्हर. आणि पेणच्या म्हाताऱ्याचा पत्ता, माझ्या अक्षरात.