बिनशेपटीचा खंड्या

आमोददादा,

बाबांशी भांडून तू घर सोडलंस, त्याला सहा वर्षं झाली. आज मैत्रिणीबरोबर खडकीजवळ नदीकाठच्या झाडीत डबा शोधायच्या खेळाला गेले होते; डबा लपवणारा खुणांची चिठ्ठी देतो. चिठ्ठीतल्या खुणांवरून तो करंजाच्या ढोलीत सापडला. ज्याला डबा सापडतो, तो आतल्या वहीत आपला शिक्का उमटवतो. शेवटचा शिक्का बघून मी वही डोळ्यांजवळ नेली. खोडरबरात कोरलेला बिनशेपटीचा खंड्या पक्षी, शाळेत तू कोरायचास तसाच, आणि खाली गेल्या रविवारची तारीख.

"काय झालं गं?" मैत्रीण म्हणाली.

"माझा दादा पुण्यातच आहे."

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. वहीत मी माझा फोन नंबर लिहिलाय. तू कॉलेज सोडल्याचं बाबांना मीच सांगितलं होतं, हे मात्र तिथे लिहिलं नाही. ते तुझ्यासमोर बसून सांगेन.

तुझी,
वल्लरी