तेरा नंबरची जर्सी

वेस्ट यॉर्कशर,
शनिवार, ९ मार्च

प्रिय लुईस,

तू बरा असशील. हल बंदराच्या गोदीतलं काम अजून चालू आहे, हे मावशीकडून कळलं. मीही अजून इस्पितळात एमआरआय यंत्रावरच आहे. पाऊस थांबत नाही, मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात तळं साचलंय. मागचे चारही सामने आपण हरलो. बाकी सगळं ठीक.

शेवटचं वाक्य सवयीनं लिहिलं गेलं.

हिवाळ्यापासून बाबांची गाडी मी चालवते. क्लबच्या संघाचा सराव ते अजून घेतात. पाठमोरे असले तरी समोरच्याला पाडताना कुणाची टॅकल कच्ची पडली ते आवाजावरून सांगतात. घरी यायचा रस्ता मात्र त्यांना सापडत नाही. जानेवारीत डॉक्टरांनी मेंदूची तपासणी केली, दुसऱ्या इस्पितळात. मी चित्रं पाहायला मागितली नाहीत. डोकं पुढे घालून वीस वर्षं रग्बी लीग खेळलेल्या माणसांची तसली चित्रं मी कामावर पाहते.

परवा, गुरुवारी, संघ जाहीर झाला. पद्धत तीच. बाबा कागदाविना नावं घेतात, ज्याचं नाव येतं तो उठून त्यांच्या हातून जर्सी घेतो. पहिलं नाव त्यांनी जेसन मॉसचं घेतलं. जेसन वारला, हे तुला माहीत असेल.

मग आताचा एक नंबरचा खेळाडू उठला, "हो, कोच" म्हणाला आणि जर्सी घेऊन बसला. दुसराही तसाच उठला. सगळी पोरं परक्या नावांना ओ देत होती. गॅरेथ, आमचा सगळ्यात धिप्पाड गडी, जरा रेंगाळला.

"कान गेले का तुझे?" बाबा म्हणाले. "की ढुंगण चिकटलंय बाकाला?"

सगळे हसले. हसायला काहीतरी हवंच होतं.

बाबांनी घेतलेली नावं सहा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याच्या संघाची होती, जशीच्या तशी. फरक एकच. तेव्हा तेरा नंबरला त्यांनी तुला वगळून दुसऱ्याचं नाव घेतलं होतं, आणि 'ते स्वतः माझं नाव घेतील तेव्हाच इथे पाय ठेवीन' असं सांगून तू निघून गेलास. परवा तेरा नंबरला त्यांनी तुझं नाव घेतलं.

आताचा तेरा नंबर एलिस अर्धवट उठला.

"बस, पोरा," बाबा म्हणाले. "ही माझ्या मुलाची आहे."

जर्सी हातात धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी गॅरेथ म्हणाला, "बाहेर गाडी लावतोय तो, कोच."

"उशीरच करणार. आईवर गेलाय."

मग ते बाहेर गेले. मी मागोमाग गेले. पावसात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेतून त्यांनी वाकून आत पाहिलं. मी त्यांना थांबवलं नाही. मला ते जमलं नाही.

यात पश्चात्ताप किती आणि आजार किती, हे मला मोजता येत नाही. कुणालाच येणार नाही. तू माफ करावंस असंही मी म्हणत नाही.

पण क्लबच्या अध्यक्षांनी काल मला बोलावून घेतलं. पुढचा गुरुवार बाबांचा शेवटचा. त्यानंतर संघ दुसरा कुणीतरी निवडेल. बाबांना हे मी सांगायचं आहे, आणि अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. काल संध्याकाळी मी जेवण वाढत होते, तेव्हा त्यांनी फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमची ड्युटी किती वाजता संपते?" मी म्हटलं, सातला. ते म्हणाले, तुम्ही गेल्यावर माझी मुलगी येईल.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नंतर भांडी घासली.

माझं नाव त्यांनी महिनाभरात घेतलेलं नाही, लुईस. तुझं घेतात. हे मला आता एकटीला झेपत नाही.

गुरुवारी, साडेसहाला. उत्तर लिहू नकोस. ये.

कर्स्टी