अधांतरी फळी आणि बाबांची पाणसळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण सध्या खाली वाकलो की वर यायला सौ.चा हात लागतो. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या फर्निचरच्या कारखान्यातली ती मोठी करवत अजून आळीभर शिव्या खाते का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे ज्यांच्या पायावर काही पडलं नाही ते सर्व.

पत्र पाहून दचकू नकोस. दोन वर्षांत तू आमचा उंबरा ओलांडला नाहीस आणि मीही फोनवर तब्येतीच्या चौकशीपुढे सरकलो नाही. बाबा गेल्यावर तू एकच वस्तू मागितलीस, सपाटी बघायची त्यांची बुडबुड्याची पाणसळ, आणि तीही दोनदा. मी म्हणालो, तुझ्याकडे दहा पाणसळी आहेत, हिला हात लावायचा नाही. वर, मुलगा म्हणून ती माझ्याकडेच शोभते, असंही बोलून गेलो. (ज्या मुलाने आयुष्यात स्टुलाचा पायसुद्धा ठोकला नाही, त्याने हे म्हणावं!) तू चपला घातल्यास आणि गेलीस. तेव्हापासून पाणसळ काचेच्या कपाटात आहे आणि तुझी खुर्ची रिकामी. मला ते बोचतं, पण कबूल करायची जीभ होत नव्हती.

म्हणून ठरवलं, पाणसळ वापरूनच दाखवायची. सौ.ला खिडकीशेजारी फळी हवी होती, पण हल्लीची, अधांतरी. खाली ब्रॅकेट नाही, वर साखळी नाही. भिंतीत लोखंडी गज ठोकायचे, फळीच्या पाठीला तितकीच भोकं पाडायची आणि फळी गजांवर सरकवून द्यायची. बघणाऱ्याला वाटावं, फळी केवळ इच्छाशक्तीवर उभी आहे. आमच्या फळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

गज तीन होते. भिंतीत भोकं मात्र अकरा झाली. पहिल्या भोकात गज घट्ट धरणारी गिट्टी गेली ती गेलीच, भिंतीच्या पोटात कुठेतरी खुळखुळली. दुसऱ्या भोकाला ताटाएवढा गिलावा खाली आला. तिसऱ्याला दारावर थाप पडली आणि शेजारचे दातांचे डॉक्टर आत आले. मला वाटलं, आवाजाची तक्रार. तर त्यांनी चष्मा पुसला, भोकात टॉर्च मारला आणि गंभीरपणे म्हणाले, कड कुजलीय, थोडं बाजूला घ्या. तेव्हापासून ते रोज दवाखाना उघडण्याआधी येऊन जातात. ड्रिल कसं धरायचं ते त्यांनीच शिकवलं. (भिंतीला तोंड उघडं ठेवा म्हणावं लागत नाही, याचं त्यांना फार समाधान आहे.)

आता मुख्य गोष्ट. गजांची रेघ मी बाबांच्या पाणसळीवर आखली. अगदी त्यांच्या शिस्तीत, पितळी टोक उजव्या हाताला, श्वास रोखून, बुडबुडा बरोब्बर मधोमध. तुला आठवतं ना, बाबा डोळ्यापेक्षा पाणसळीवर भरवसा ठेवायचे. त्यांनी लावलेल्या फळीवरून गोट्या घरंगळल्या तर ते म्हणायचे, घरच खचलंय, आणि घरमालकाला खरमरीत पत्र टाकायचे. आणि ती पाणसळ तरी काय दणकट! मी नऊ वर्षांचा असताना विमान म्हणून जिन्यावरून सोडली होती. तू धावत खाली गेलीस, उचललीस आणि म्हणालीस, काही झालं नाही, जा खेळायला. ही गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल. जुन्या वस्तूंचा टिकाऊपणा या विषयावर माझ्याकडे दुसरं उदाहरणच नाही.

फळी बसली. मी चार पावलं मागे सरून पाहिली आणि मला अगदी लहानपणीच्या घरात आल्यासारखं वाटलं. सौ. आली, मान एका बाजूला कलती करून बघत राहिली आणि वेलींच्या फांद्या घातलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या आणून तिने फळीवर ठेवल्या. बाटल्यांतलं पाणी एकीकडे आणि फळी दुसरीकडे. मी म्हणालो, काच जाड आहे, त्यामुळे तसं दिसतं. तेवढ्यात डावीकडची बाटली निघाली. घाईत नव्हती, गावाला निघालेल्या पाहुण्यासारखी सावकाश निघाली. मी ती झेलायला वाकलो. बाटली वाचली, तिच्यामागून निघालेली दुसरी मात्र माझ्या पायावर उतरली. कंबर आणि डाव्या पायाचा अंगठा यांच्याविषयी सौ. तुला फोनवर सविस्तर सांगेल.

तरी एकंदरीत फळी उत्तम बसली आहे. भिंतच जरा वाकडी आहे. भाऊजींना नमस्कार आणि त्यांच्या बागेला शुभेच्छा.

तुझा,
धाकटा

ता. क. फळी उत्तम बसली आहे असं वर लिहिलं आहे, ते काल सकाळचं. दुपारी ती जमिनीवर बसली. आता अगदी सपाट आहे.

आणखी ता. क. डॉक्टरांनी आज पाणसळ हातात घेतली आणि टोकं उलटसुलट करून पुन्हा त्याच जागी ठेवली. बुडबुडा एकदम कोपऱ्यात. मी त्यांच्याशी भांडलो. त्यांनी शांतपणे पितळी पट्टीचे स्क्रू काढले, चिमटा घातला आणि काचेच्या नळीखालून पुठ्ठ्याची एक घट्ट घडी उपटून काढली. सवयीने मला चूळ भरायलाही सांगितलं. नळीची बैठक एका टोकाला तुटलेली होती. ताई, विमान पडल्यावर झालं होतं तर! आणि बाबा घरी यायच्या आत नळी सावरून तू ती घडी खाली सरकवली होतीस. मी घडी उलगडली. माझ्या चौथीतल्या वहीचं कव्हर, माझंच कोंबडीच्या पायांचं अक्षर: ‘ताईने हात लावू नये.’ बाबा जन्मभर घरमालकाशी भांडले, आणि तू माझं नाव त्यांना सांगितलं नाहीस. मलाही सांगितलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी पाणसळ कशाला मागत होतीस (मला कळायच्या आत गुपचूप नीट करायला!) ते मला आज कळलं, आणि डॉक्टरांसमोर रडू आलं. त्यांना वाटलं, अंगठा दुखतोय.

शेवटचा ता. क. रविवारी ये. पाणसळ टेबलावर काढून ठेवली आहे, स्क्रू वाटीत आहेत. भिंतीत अकरा भोकं आहेत, त्यातली कुठली घ्यायची ते तू ठरव. पुठ्ठा मी परत घडी घालून तुझ्या खुर्चीवर ठेवला आहे. त्यावरचा ‘नये’ मी खोडला आहे आणि खाली नीट अक्षरात लिहिलं आहे: ताईने हात लावावा.