एक सूत बाहेरची रेघ

६ मार्च १९८३, रविवार
औशाचे पाहुणे ताराला बघून गेले. कळवतो म्हणाले. म्हणजे नाहीच. दोष कुठे आहे ते मी शोधून काढलं. पोरीचे ओठ पातळ आहेत. केवळाला जाऊन सात वर्षं झाली, पण आपले ओठ लेकीला ठेवून गेली. बाकी मुलगी मॅट्रिक पास, कामाला वाघ. मी तरी काय वाईट बोललो? एवढंच, की तिच्यावाचून माझं पान हलत नाही, दर आठ दिवसांनी इथं रेणापूरला पाठवून द्यावं लागेल. अशा गोष्टी बापानं आधीच सांगितलेल्या बऱ्या.

७ मार्च
ठराव. ओठ मीच सुधारणार. पंचवीस वर्षं पेंटर आहे. लातूरच्या टॉकीजचे बॅनर मी काढलेत, हिरॉइनचे ओठ चौकापलीकडून दिसायचे. युक्ती सोपी. आउटलाइन ओठांच्या एक सूत बाहेर. कडेला गडद, आत फिकट, खालच्या ओठावर मधोमध उजेडाचा ठिपका.

११ मार्च
लातूरला गंजगोलाईच्या बाजारातून दोन लिपस्टिक आणल्या. तपकिरी आणि गुलाबी. दुकानदार विचारत होता कुणासाठी. धंद्यासाठी म्हणालो. काम सध्या भरपूर. नवा जिल्हा झाल्यापासून शाळा, सोसायट्या, सगळ्यांनाच ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ करून पाहिजे.

२६ मार्च, दुपार
ट्रायल. दोन नंबरचा ब्रश, कोरा. तारा हनुवटी वर करून बसली. हात एकदम स्टेडी. दारातून बघितलं तर झकास. जवळून मात्र जांभळं खाऊन तोंड न पुसल्यासारखं दिसतं. शेजारच्या सरजाबाईंनी विचारलं, पोरीला गांधीलमाशी चावली का. अडाणी बाई.
पुसायला पाणी नाही. आडाला तळ लागलाय, टँकर परवा. खोबरेल तेलानं पुसलं. तारा हसत होती. या घरात फार दिवसांनी कुणी हसलं. बरं वाटलं.

२७ मार्च, रविवार
उदगीरचे पाहुणे. ओठ ए-वन. मुलाच्या आईनं ताराला जवळ बसवून घेतलं. मग मी मोकळेपणानं तिच्या लहानपणच्या टायफॉइडची हकीकत सांगितली. तुमच्याकडं पाणी किती लांबून आणतात, पोरीच्या कमरेचं काय, हेही विचारलं. चहा अर्धा टाकून उठले.
शेड चुकली. गुलाबी भडक झाला.

१५ एप्रिल
काल जयंतीच्या मिरवणुकीत नायगावच्या एका मास्तरानं ताराला बघितलं म्हणे. नाव रामकिशन. इथं मावशीकडं आला होता. परवा आई-वडिलांना घेऊन येतोय. काल तर ताराच्या ओठांना काहीच लावलेलं नव्हतं. पोराची नजर अधू असावी.

१७ एप्रिल, रविवार
ओठांवर एक तास काम केलं. पोरगा सरळ वाटला. मी एकच मुद्दा काढला. एवढ्या खटपटीनं आपला जिल्हा झाला, आणि आता पोरगी नांदेड जिल्ह्यात द्यायची? शिवाय बदली लातूरकडं करून घेता आली तर आमच्याच घरात राहता येईल. त्याचे वडील चप्पल शोधायला लागले.
वरच्या ओठाची कमान जमली नव्हती. फिनिशिंगला वेळ कमी पडला.

१९ एप्रिल
सरजाबाई सांगत होत्या, पोरगी सगळ्यांनाच पसंत होती. उदगीरवाले जाताना त्यांच्या दारात बोलले म्हणे: “बापाला पोरगी द्यायचीच न्हाई, तर लोकं कशाला बोलवायलाय?”
साफ खोटं. रोजनिशी मागं चाळून बघितली. मी नाही म्हटल्याची नोंद कुठंच नाही.

२० एप्रिल
पुन्हा चाळली. लिहिण्यासारखं काही नाही.

३० एप्रिल
तारानं परस्पर रामकिशनच्या मावशीकडून निरोप धाडला. नायगावचे उद्या परत येताहेत. ट्रायलसाठी मी ब्रश काढला. तिनं माझं मनगट धरलं.
“आबा, माझे ओठ रंगवू नका. तुमचे मिटून ठेवा.”
मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठीच बोलतो.
“मला जायचं हाय,” ती म्हणाली.
रागावली असती तर मीही चढा आवाज काढला असता. ती रागावलेली नव्हती. कोराच होता तरी ब्रश पुसून ठेवला.

१ मे, रविवार
गप्प बसलो. चहा गार व्हायच्या आत सोयरीक जमली. तुम्हाला काही बोलायचंय का, असं रामकिशनच्या वडिलांनी विचारलं. दोनदा ओठांवर आलं. मान हलवली. तारा माझ्याकडंच बघत होती. तिचे ओठ चांगले आहेत. केवळाचेही होते.
मला एकटं राहायची भीती वाटते. एवढंच होतं. ते लिहायला मला दोन महिने लागले.

२३ मे
लग्न काल झालं. पंचशील घेताना तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. चारच्या एसटीनं गेली. चढताना म्हणाली, दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्यात, तिसऱ्या दिवसापासून सरजाबाईंना सांगितलंय.
आज सोसायटीचा बोर्ड पुरा केला. घरी आलो. भाकरी खाल्ली.
सकाळपासून एक शब्द बोललेलो नाही. आता कितीही बोललो तरी कुणाचं काही बिघडणार नाही.