वीतभर मासा

ईलिंग, लंडन
रविवार, ४ मे

तीर्थरूप सिमाआत्या,

हिलेलचा शालोम, आणि जोडीला वाकून नमस्कार. (नमस्कार कागदावरचा असला तरी लिहिण्याआधी मी खरोखर वाकलो होतो. पेनचं टोपण टेबलाखाली गेलं होतं हे खरं, पण वाकणं ते वाकणंच.) डायना, क्लोई आणि मी, तिघंही धडधाकट आहोत. पेसाहच्या सणाचे आठ दिवस मात्झोच्या बिनखमिराच्या रोट्या खाऊन पोटात जो पुठ्ठा साचतो, तोही आता निचरला. तुझा उजवा गुडघा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंशी चाललेलं भांडण, या तिन्हींची प्रकृती कशी आहे ते कळव. ठाण्याला उकाडा मी म्हणतोय असं ऐकतो. इथे आज चौदा डिग्री आहे आणि लोक अर्ध्या चड्डीत फिरतायत.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. कारण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस. जानेवारीत फोन केला होता तो, जूनपासून सहा महिने आमच्याकडे राहायला ये, एवढंच सांगायला. मी 'जूनपासून'पर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात तू म्हणालीस, "तुझ्या लंडनात मासे मरूनच जन्माला येतात काय रे हिल्या? मागे आले तेव्हा सगळा बर्फातला दगड चावला." आणि अट घातलीस. ती मी जागच्या जागी लिहून घेतली, शब्दशः देतो: "खवल्याचा मासा, त्याच दिवशी पाण्यातून निघालेला, माझ्या वितीएवढा, तुझ्या स्वतःच्या हाताने काढ. मग मी पासपोर्ट शोधते." आणि फोन ठेवलास. तुला वाटलं, छप्पन वर्षांचा कवळ्या बनवणारा माणूस कुठला मासे धरतोय, आता बसेल गप्प. आईमागे मला तूच वाढवलंस, तरी तुझा हा अंदाज चुकावा याचं मला नवल वाटलं. मागच्या ऑगस्टात तू बाथरूममध्ये पडलीस आणि दूधवाला येईपर्यंत चार तास तशीच होतीस, हे मला तीन आठवड्यांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याबद्दल मी इथे चकार शब्द लिहीत नाही, कारण लिहिला तर तू पत्र फाडशील. आपण माशांवर बोलू.

मी कुणाचा शागीर्द नाही. कॉलेजची पायरी न चढता कवळ्या बनवायला शिकलो (आणि आज ईलिंगमधले सात डेंटिस्ट माझ्याकडेच काम पाठवतात, ओघात आलं म्हणून सांगतो), तसाच हाही विषय मुळापासून घेतला. लायब्ररीतून चार पुस्तकं आणली. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि तिसऱ्यात गाठीची आकृती उलटी छापली आहे. मी लायब्ररीला तसं लेखी कळवलं. गाठी डायनाच्या क्रोशाच्या दोऱ्यावर गिरवल्या. गांडुळं कुंडीत पाळली. (डायनाचा त्या कुंडीशी, आणि काही दिवस माझ्याशीही, संबंध उरला नाही.) लायसन काढलं, इथे गळ टाकायलाही लायसन लागतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नद्यांवर बंदी, कारण तो माशांचा विणीचा हंगाम. तळ्यांचं तसं नाही, ज्याचं तळं त्याचा नियम. म्हणून एका क्लबचा मेंबर झालो. त्यांचं तळं गाडीने पाऊण तासावर आहे, जुन्या खडीच्या खाणीत पाणी साचून झालेलं. दर रविवारी उजाडता उजाडता मी तिथे असतो. (शनिवारी नाही. शब्बाथला गळ टाकलेला नाही, त्याबद्दल निश्चिंत ऐस.)

माशाचं नाव पर्च. अंग हिरवट सोनेरी, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाकडचे पर शेंदरी, आणि पाठीवरचा पर उभारला की साक्षात साळिंदर. खवलं अशी घट्ट आणि खरखरीत, की तू चष्मा न लावता तपासलास तरी पास होईल. बेने इस्राएलांच्या घरात हे मी वेगळं सांगायला नको. आपले पूर्वज कोकणात गलबत फुटून किनाऱ्याला लागले, आणि शेकडो वर्षांनी कुणी पाहुणा हे लोक कोण ते पारखायला आला, तेव्हा त्याने आपल्या बायकांपुढे माशांची पाटी ठेवली. बायकांनी आपल्या तोरा ग्रंथात वर्ज्य असलेले बिनखवल्याचे मासे निमूट बाजूला काढले, आणि आपण कोण ते ठरलं. ही गोष्ट तू मासे निवडायला बसलीस की दरवेळी सांगायचीस. म्हणजे कुठला मासा ठेवायचा आणि कुठला नाही, ही आपल्या घराण्याची परीक्षा आहे. मी ती इंग्रजी माध्यमातून दिली, एवढंच.

तळ्याचा राखणदार वीर म्हणून साउथॉलचा पंजाबी आहे, पूर्वी बस चालवायचा. माझी पट्टी, व्हर्निअर, वजनकाटा आणि वही पाहून त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टरसाब, मछली पकड़ने आये हो या उसके दाँत बनाने?" मी डॉक्टर नाही हे त्याला दोनदा सांगितलं. (तिसऱ्यांदा नाही सांगितलं.) मग त्याने मला बोर्डावरचे नियम समजावले, जे मी आधीच पाठ केले होते. दिवसाला दोन पर्च घरी न्यावेत. वीस सेंटिमीटरपेक्षा मोठा एकही नाही. आणि गाभोळीने भरलेली मादी, आकाराने कितीही लहान असो, परत पाण्यात. हे वाक्य पुन्हा वाच आत्या. मोठे परत, छोटे घरी! आपल्याकडे माणूस छोटा मासा घेऊन आला तर घरची विचारते, उरलेला कुठाय? इथे मोठा घेऊन निघालास तर वीर विचारतो, निघालास कुठे? त्यांचं म्हणणं असं, की मोठी असते ती आई, तिला खाल्लं तर पुढच्या वर्षी खायचं काय. तर्काने मी त्यात चूक काढू शकलो नाही, आणि मी प्रयत्न केला होता.

पण माझी पंचाईत झाली ती वेगळ्या कारणाने. तुझी वीत किती, हे मला ठाऊक होतं. भायखळ्याच्या खोलीतली मांडणी तू सुताराकडून 'बरोब्बर तीन विती' करून घेतली होतीस, आणि खोली विकताना मी ती मोजली होती. चौसष्ट सेंटिमीटर. भागिले तीन, म्हणजे एकवीस पूर्णांक तीन. तुझ्या अटीत बसेल तो मासा क्लब नेऊ देणार नाही, आणि क्लब नेऊ देईल तो तुझ्या अटीत बसणार नाही! दुसरा कोणी असता तर दुकानातला मासा ओला करून तुला फसवलं असतं. मी फक्त गळाचा आकार बदलला आणि चिकाटी धरली.

फेब्रुवारीत काही लागलं नाही. मार्चच्या शेवटी वाम लागली, हातभर लांब, बिनखवल्याची. वाम इथे कायद्याने परत सोडावीच लागते, म्हणजे या एका बाबतीत तोरा आणि इथलं सरकार यांचं एकमत आहे. दोघांचंही ऐकायला मला एकच हात मोकळा होता, दुसऱ्याला तिने गाठ मारली होती. (पुस्तकातल्यापेक्षा पक्की.)

आणि मग एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गळाच्या दोरीवरचा तरंगता फ्लोट एकदा थरथरला, आडवा झाला आणि चालू लागला. बाहेर आली ती एकेचाळीस पूर्णांक तीन सेंटिमीटर. वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. पोट तट्ट फुगलेलं, आत गाभोळी. तुझी अट जवळजवळ दुपटीने पूर्ण, आणि तळ्यावर चिटपाखरू नाही. बाजारात माशाचं पोट अंगठ्याने दाबून तू कोळिणीला म्हणायचीस ना, "ही दे, बाकीच्या तुझ्या सासूला घाल," तो तुझा अंगठा मला डोळ्यांसमोर दिसला. गाडीची डिकी बावीस पावलांवर होती. (ती मी आधीच का मोजून ठेवली होती, हे विचारू नकोस.) ओल्या जाळीत तिला धरून मी गुडघ्यांवर बसलो. तिने कल्ले एकदा उघडले, मिटले. मनात आलं, एवढी वर्षं काढली हिने या गार पाण्यात, आपल्या बळावर, कुणाचं ऐकून न घेता. माझ्या हट्टापायी हिला उचलून घरी न्यायचं? (तुझी आठवण इथे झाली, पण तो मुद्दा वेगळा आहे, तुला लागू नाही.) फोटो काढला आणि सोडून दिली. शेपटीचा एक फटकारा माझ्या चष्म्यावर मारून गेली.

तेवढ्यात झाडीतून वीर बाहेर आला. गळ्यात दुर्बीण. म्हणाला, "देख रहा था, डॉक्टरसाब. डेढ़ मिनट सोचा आपने." मी त्याची चूक सुधारली: एक मिनिट चाळीस सेकंद. तो बघत होता हे मला माहीत नव्हतं. शपथ घेत नाही, पण लिहून देतो.

फोटो तुला पाठवला. अटीत 'काढ' असं होतं, 'शिजव' असं नव्हतं, हा माझा मुद्दा कुठल्याही कोर्टात टिकला असता. तुझा निकाल अकरा सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये आला: "फोटोतला मासा कढईत तडतडत नाही, हिल्या. आणि गाभोळीचा सोडलास? डायनाला म्हणावं, याला कुणाला तरी दाखव."

ठीक आहे. मागच्या रविवारी पुन्हा गेलो. पाण्यात पडलेल्या विलोच्या फांद्यांवर अंड्यांच्या पांढऱ्या जाळीदार फिती लटकत होत्या, लग्नातल्या लेससारख्या. त्या तिच्याच असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण बघत उभा राहिलो खरा. त्या दिवशी चार मासे लागले. पहिला बारा सेंटिमीटरचा, त्याने अजून जग पाहिलेलं नव्हतं, गेला परत. दुसरी सतरा, पण पोटुशी, परत. तिसरा चोवीस, नर, देखणा, तुझ्या अटीत फिट्ट. वीर शेजारीच उभा होता, परत. चौथा नर. (नर कसा ओळखतात ते आत्याला लिहिण्याजोगं नाही.) आणि आता नीट लक्ष दे, कारण इथे माझा चार महिन्यांचा अभ्यास कामी आला. क्लब मासा मोजतो तो नाकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. जगातली कुठलीही आत्या मोजते ती शेपटीच्या टोकापर्यंत. हा मासा खाचेपर्यंत एकोणीस पूर्णांक सहा, आणि टोकापर्यंत वीस पूर्णांक सात! मी तीनदा मोजला, वीरला दोनदा मोजायला लावला. शेवटी तो म्हणाला, "ले जाओ डॉक्टरसाब. भगवान के लिए ले जाओ."

म्हणजे कायद्याने लहान आणि आत्याने मोठा असा मासा मी ठरवून धरला आहे. अट पूर्ण झाली असं मी या पत्राद्वारे जाहीर करतो. सहा-सात मिलिमीटरचा एक किरकोळ प्रश्न राहतो, त्यावर खाली लिहितो. तब्येतीला जप, जिना सावकाश चढ, आणि समोरच्या बाईंना माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझा, अटीपुरता आज्ञाधारक,
हिलेल

ता. क. किरकोळ प्रश्न. सोबत कोरा कागद जोडला आहे. त्यावर उजवा हात ठेव, अंगठा आणि करंगळी सहज पसरतील तेवढीच पसर, पेन्सिलीने कड काढ आणि पाठव. मांडणी झाली तेव्हा तू चाळिशीत होतीस. ब्याऐंशीला हात आटतो. मागच्या खेपेला तुझी बांगडी कोपरापर्यंत सरकत होती, तू पदराखाली घेतलीस तरी मी पाहिली. मला फक्त सहा मिलिमीटर आणि वर केसभर हवं आहे. उगाच ईर्ष्येने बोटं ताणू नकोस.

ता. क. दुसरा. डायनाने पत्र वाचलं आणि तिचं म्हणणं, मी सगळं लिहावं. मासा खाल्लेला नाही. खवलं निघेनात, म्हणून मी कवळीला पॉलिश करायचं मशीन लावलं. खवलं निघाली. तीन अजून छताला आहेत. मासा आज आठवा दिवस फ्रीजरमध्ये आहे, म्हणजे तू म्हणतेस तो बर्फातला दगडच. साफ कसा करायचा, हे चारही पुस्तकांत एका ओळीत उरकलं आहे. ते काम आमच्यात फक्त तुला येतं.

ता. क. तिसरा. खालच्या ओळी क्लोईच्या, तिच्याच अक्षरात. मी काही सुधारलेलं नाही.
आत्याआजी माझी रूम तुझा झाला. मी बाबाच्या वर्कशॉपमध्ये झोपेल. बाथरूममध्ये बाबाने पकडायला दोन हँडल लावली, तीन वेळा मोजून. मला फिश नाही आवडत. तू आवडते.

ता. क. शेवटचा. तिकीट मी फेब्रुवारीतच काढलं आहे, एकोणीस जूनचं, पाय लांब करता येतील अशा सीटचं. तेव्हा साधी वामसुद्धा लागलेली नव्हती. ते परत होत नाही. व्हिसाचा फॉर्म मागच्या खेपेच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवरून भरून ठेवला आहे, तुला फक्त मुंबईत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आहेत. दहाही बोटांचे लागतात. वीत लागत नाही. ती इथे आलीस की मोजू.