साध्या वायूची नळी

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. आधी सांग, वेळेवर जेवतेस ना? तुझी आई म्हणते, पोरीला पत्रात तरी दम घेऊ द्या. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. गॅस बंद केलाय की नाही, ते मी अजूनही अंथरुणातून उठून बघतो.

तुझ्या प्रयोगशाळेत आलो होतो ते सारखं आठवतं. काचेची ती नळी, आत भरलेला जड हायड्रोजन आणि वीज सोडल्यावर पेटलेला जांभळा उजेड. त्याला प्लाझ्मा म्हणतात, एवढं मी पाठ केलंय. तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. तू दिलेला काळा चष्मा मी कँटीनमध्ये चहा पितानाही काढला नाही, आणि तू हसून हसून बेजार झालीस. मग समजावलंस, सूर्यात अणू जुळतात ते प्रचंड उष्णतेत. इथे तेच कमी ऊर्जेत जुळतात का, ते बघतोय. घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघाली, तर काहीतरी घडतंय म्हणायचं. मला निम्मंच कळलं. तरी ती जास्तीची उष्णता सापडल्याचं तू कळवलंस, तेव्हा मी सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना भाषण ठोकलं.

आणि मग तूच नळीत साधा हायड्रोजन भरून पाहिलास. त्यात काही घडायला नको होतं, पण जास्तीची उष्णता तिथेही तेवढीच दिसली. म्हणजे ती नव्हतीच. तापमान मोजायची तार नळी धरणाऱ्या तापलेल्या चिमट्याला टेकली होती. तू ते सगळ्यांसमोर सांगितलंस, आणि तेव्हापासून आमच्याशी बोलणं बंद.

परवा सलूनवाला म्हणाला, काय काका, लेकीचा सूर्य विझला म्हणे. मी चिडणार होतो, पण गळ्यावर वस्तरा होता. एवढंच म्हटलं, चूक दुसऱ्या कुणी पकडली नाही रे, तिनेच शोधून काढली. त्याचा हात थांबला. म्हणाला, मग नळी तिच्याच हातात राहू द्या की.

आता लिहायचं खरं कारण. काल तुझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा फोन आला होता. तुझा राजीनामा त्यांनी सही न करता ठेवलाय, सोमवारपर्यंत. ऐकून आधी मला सुटल्यासारखंच झालं. त्या उजेडाची मला धास्ती वाटते, आणि तू घरी आलीस तर मी निवांत झोपेन. पण नळी पेटली तेव्हा मी उजेडाकडे बघतच नव्हतो. त्या काळ्या चष्म्यातून तुझ्याकडे बघत होतो. लहानपणी अंगणात गिरक्या घ्यायचीस, तेव्हाचाच चेहरा होता तो. सोमवारी जा आणि तो कागद मागून घे. तार नीट लाव. उष्णता निघो न निघो, आम्हाला फोन कर. आणि चष्मा घाल, एवढं माझं ऐक.

तुझाच काळजीखोर
बाबा